माशांचा वायू

कमलेशचं त्या स्टीलच्या पिंपाशी वागणं बघितलं की शकुनबाईंना आपलं सोवळं अगदीच ढिलं वाटायचं. घरी तांदळाची बियर बनवणारा हा त्यांचा एकुलता एक लेक. स्वतःच्या आंघोळीला दांडी मारेल, पण पिंपाची नळी रोज उकळत्या पाण्याने धुणार. कोणी जवळ गेलं की ओरडणार, "झाकन उघडू नका! हवा लागली का बियर मेली!" देवघराला एवढं जपलं असतं तर एखादा देव तरी पावला असता, असं त्या मनात म्हणायच्या.

रविवारी साकोलीकडच्या रिसॉर्टचे मालक ताराचंदजी चव घ्यायला येणार होते. आवडली तर तिथल्या बारचं काम कमलेशला. मत्स्यबीजाचा, म्हणजे माशांची पिल्लं विकण्याचा पिढीजात धंदा सोडला, असं त्याने अर्ध्या शहापूर गावाला सांगूनही टाकलं होतं.

दोस्तांना "थोडीशी चाखा" म्हणता म्हणता गुरुवारी सकाळी पिंपातली बियर वर ढकलणारा कार्बन डायऑक्साइड गॅसच संपला. नवा सिलेंडर नागपूरहून सोमवारी यायचा. अंगणात मात्र मत्स्यबीजाच्या पिशव्यांत भरायचा ऑक्सिजन उभाच होता. कमलेशने त्याची नळी पिंपाला जोडली.

शकुनबाई तुळशीपाशी जपाला बसल्या होत्या. माळ पुरी होईस्तोवर बोलायचं नाही, हा रोजचा नेम. त्यांनी जोरजोरात हात हलवला.

"तुले तं दारूच नाही चालत, आई. तू जप कर."

त्यांनी नाकाला बोट लावलं, छाती भरून श्वास घेऊन दाखवला.

"हवा नोहे ते! शुद्ध ऑक्सिजन हाये. मासोळी जिती राहते त्यात, बियर कायले मरंल?"

फुस्स करून ऑक्सिजन पिंपात शिरला. माळेत सव्वीस मणी उरले होते. शकुनबाईंनी ते नेहमीच्याच गतीने ओढले, मग हळूच म्हणाल्या, "हवेतला जीवच तं असते त्या सिलेंडरात, बापू. ज्याच्यापासून राखत होता, तेच कोंबलं तू."

"तू कधी चाखली का?"

"नाही बा. पण लोणचं घातलं हाये. फोडी तेलाच्या वर आल्या का काय होते, ठावं हाये मले."

कमलेश खो खो हसला.

रविवारी ताराचंदजींनी एक घोट घेतला आणि ग्लास लांब सरकवला. "कमलेशभाऊ, यात पुठ्ठा भिजवला का? राहू द्या. तुमचं बीज चांगलं असते म्हणतात. आमच्या तळ्यासाठी उद्या सकाळीच दोन हजार पिल्लं पाठवा."

गाडी गेली. कमलेशने ऑक्सिजनचा सिलेंडर हलवून बघितला. रिकामा; सगळा पिंपात गेला होता.

"आई, त्या दिवशी तोंडानं बोलली काहून नाही तू?"

"नेम होता."

"एक डाव मोडला असता तं?"

शकुनबाईंनी पिंपाकडे बघितलं, मग लेकाकडे. "याच्यासाठी?" त्या मऊ आवाजात म्हणाल्या, आणि दिव्याला वात करायला आत गेल्या.