डोंगराकडचा फीडर

मे महिन्यातली संध्याकाळ. धारूरजवळच्या सबस्टेशनात सुकन्या एकटीच ड्युटीवर होती. फोन वाजला. पलीकडे तिचे साहेब, सुंदरराव होते.

"सुकन्या, कोळशावरचा एक मोठा संच अचानक बंद पडलाय. राज्यभर वीज कमी पडतेय. एक फीडर लगेच काढ, एका भागाची लाइन बंद कर."

"किती वेळ, साहेब?"

"किनाऱ्याकडचा गॅसचा संच सुरू करतायत. गॅस महाग म्हणून बंद ठेवला होता. पण कोळशापेक्षा तो लवकर उठतो. तोवर कळ काढायची. बाजाराचा परवाच काढला होता, आज डोंगराकडचा काढ."

सुकन्याचा हात थांबला. डोंगराकडच्या वस्तीवर तिचे आईवडील राहत होते. आई भामाबाईची फुप्फुसं गेली होती, ती ऑक्सिजनच्या मशीनवर होती.

"साहेब, माझी आई मशीनवर हाय."

सुंदररावांनी आवाज खाली आणला. "बाजाराचा काढलास तरी मी विचारणार नाही. पण आत्ता काढ. सगळ्यांनीच उशीर केला तर राज्यभरची वीज बसेल."

बाजाराच्या बाजूला कुणाची आई कशावर आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. पाळी मात्र डोंगराची होती. तिने मोबाइलवरून वडिलांना, सटवाला, फोन लावला. तो नुकताच मेंढरं वाड्यात कोंडून आला होता.

"आबा, लाइट जाणार हाय. खाटेखालचा शिलिंडर काढा. नळी मशीनची काढून त्याला लावा."

"मला कुठं येतंय गं ते, माय? ते तर तुझा भाऊ लखन करतो. तो ऊसतोडीवरनं आला न्हाई अजून."

"येतंय तुमाला. वरची चावी डावीकडं फिरवा. हळू."

"फिरंना."

टेबलावरचा सबस्टेशनचा फोन वाजू लागला. तिने उचलला नाही.

"पटक्याचा शेव गुंडाळा अन् फिरवा."

पलीकडे खरखर झाली, मग फुस्स आवाज आला.

"आलं गं, आलं."

"आता नळी लावा. आईला लागलं का?"

"लावली. डोळं उघडं हायेत तिचं."

सुकन्याने फीडरचा ब्रेकर पाडला. खट् आवाज झाला, डोंगराच्या बाजूचे दिवे एकदम विझले. थोड्याच वेळात फोनही तुटला. वस्तीजवळच्या टॉवरची बॅटरी जुनी होती, हे तिला आता आठवलं.

शिलिंडर लहान होता. तासभर पुरेल, असं डॉक्टर म्हणाले होते. चावी जास्त उघडली तर त्याहून कमी. आबांनी किती उघडली असेल? ती पुन्हा पुन्हा नंबर लावत राहिली. गेटवर दोघं येऊन ओरडले, "लाइट कवा येणार?"

अंधार पडला तेव्हा सुंदररावांचा फोन आला. "गॅसचा संच लागला. घाल फीडर."

तिने ब्रेकर परत जोडला. दिवे लागले आणि लगेच विझले. इतका वेळ थांबलेले पंखे, कूलर, मोटारी सगळं एकदम सुरू झालं होतं. भार झेपला नाही. तिला पुन्हा घालायचं होतं, पण घाईने घातलं तर पुन्हा पडेल. तिने दातावर दात दाबले. लाइन बघून अर्धा भाग वेगळा केला आणि वस्तीकडचाच भाग आधी घातला. या वेळी दिवे टिकले. मग बाकीचा भागही घातला.

बऱ्याच वेळाने आबांचा फोन लागला.

"शिलिंडर संपलाता. तिला भिंतीला टेकून बसवलं अन् मी वारा घालीत होतो. ओठ निळं पडलेते. मग मशीन गुरगुरली."

"आता?"

"आता बरी हाय. बोल तिच्याशी."

आईचा आवाज तुटक आला. "तूच बंद केलतीस का?"

"व्हय, आई."

पलीकडे फक्त श्वास ऐकू आला, मशीनबरोबर चढणारा, उतरणारा.

"कावून?"

"आपली पाळी व्हती."

मग भामाबाई म्हणाली, "जेवलीस का?" सुकन्याला रडू फुटलं, आणि तिने ते लपवलं नाही.