धीर दिला की डिवचलं

दुभाष्याला स्वतःचं ‘मी’ नसतं. समोरचा “मी पडलो” म्हणाला की आपणही इंग्रजीत “मी पडलो” असंच म्हणायचं, “हा म्हणतोय की तो पडला” असं नाही. शिवाय खोलीत जे काही बोललं जाईल त्यातली शिंक सोडली तर काही गाळायचं नाही आणि पदरचं काही घालायचं नाही. इतकी वर्षं मी हे निमूटपणे पाळत आले आहे. त्या दिवशी मात्र सकाळपासून खुर्ची टोचत होती.

चौकशी एका रंगाऱ्याच्या अपघाताची होती. उंच इमारतीला बाहेरून रंग देताना तो परांचीवरून पडला. जीव वाचला, पण कमरेखाली काही हलत नव्हतं. समोर साक्षीला बसला होता त्याचा मुकादम, जो नात्याने त्याच्या बहिणीचा नवराही होता. ती बहीण मागच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसली होती.

सगळं एका शब्दावर अडलं होतं. अपघात झाला त्याच दिवशी कंपनीच्या माणसाने मुकादमाचा जबाब इंग्रजीत लिहून घेतला होता आणि त्यात होतं, ‘मी त्याला एन्करेज केलं.’ म्हणजे धीर दिला. धीर दिला म्हटलं की माणूस आपल्या मर्जीने चढला असं ठरतं, आणि आपल्या मर्जीने चढलेल्या माणसाच्या उपचारांशी कंपनीला देणंघेणं उरत नाही. मुकादमाने त्याला भाग पाडलं किंवा डिवचलं असं ठरलं, तर पुन्हा चालायला शिकवणाऱ्या रुग्णालयाचा सगळा भार कंपनीवर येणार होता. मुकादमाचा परवाना मात्र कायमचा जाणार होता.

त्यामुळे कंपनीचा वकील मुकादमाला भला माणूस ठरवायच्या मागे होता आणि मुकादम स्वतःला वाईट ठरवायच्या. असला उफराटा कारभार मी पूर्वी पाहिला नव्हता.

माणसाला पुढे सारायला इंग्रजीत ढीगभर शब्द आहेत. मोटिव्हेट हा कंपन्यांचा लाडका. पगार वाढवायचा नसला की तो बाहेर काढतात. इन्स्पायर करायला तर काही करावंच लागत नाही, आपण नुसतं थोर असलं की पुरतं. कोक्स म्हणजे गोडीगुलाबीने गळी उतरवणं, आणि इंग्रजीतला अर्ज, आपला कागदावरचा नव्हे, म्हणजे हात धुऊन मागे लागणं. मग येतो गोड. बैलाला पराणी टोचावी तसं माणसाला टोचणं. लिहायला गोड, अर्थाला कडू. माझ्या सासूबाई “कर गं, तुला जमेल” म्हणायच्या तेव्हा काम हमखास त्यांचंच असायचं. त्याला यातला कुठला शब्द लावावा हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

वकील सकाळभर मोटिव्हेट आणि एन्करेज हे दोनच शब्द आलटून पालटून वापरत होता. मुकादमांना कंपनीने प्रशिक्षण दिलंय, माणसांचा हुरूप कसा वाढवावा हे शिकवलंय, आणि याने तेच केलं, असं त्याचं म्हणणं. मी ते मराठीत सांगत होते आणि मुकादम प्रत्येक वाक्याला मान हलवत होता, नाही, नाही. पण मग काय केलंस म्हणून विचारलं की पुन्हा नुसती मान. माझा पाय टेबलाखाली एकसारखा हलत होता.

मधल्या सुट्टीत त्याने मला व्हरांड्यात गाठलं. साक्षीदाराशी बाहेर बोलायला आम्हाला सक्त मनाई असते. त्याला ते ठाऊक असावं, कारण तो माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत बोलला.

“ताई, आत कुठला शब्द बोललो की त्याचं काम होईल, तेवढं सांगा. माझं काय व्हायचं ते होऊ दे.”

मी असं बोलता येत नाही म्हणाले, तेही गरजेपेक्षा मोठ्याने, आणि तिथून निघून पाण्याच्या यंत्रापाशी जाऊन उभी राहिले. तहान नसताना पाणी पीत राहिले. मला राग आला होता. त्याचा, त्या वकिलाचा आणि सगळ्यात जास्त माझा, कारण उत्तर माझ्या जिभेवर होतं. त्याने खरोखर डिवचलं असेल तर तेवढं पुरे होतं. पण त्याने नेमकं काय केलं होतं हे मलाही माहीत नव्हतं.

सुट्टीनंतर त्याने स्वतःच्या अकलेने मार्ग काढला आणि सगळं मुसळ केरात घातलं. म्हणाला, मी त्याला शिव्या दिल्या, कामावरून काढतो म्हणालो, दंडाला धरून चढवलं. मी ते ‘मी, मी’ करत इंग्रजीत सांगत गेले आणि सांगतानाच कळत होतं की हे खोटं आहे. वकिलाचा चेहरा खुलला. कामावरून काढायचा अधिकार मुकादमाला आहे का? नाही. खाली उभ्या असलेल्या दोन रंगाऱ्यांनी शिवी ऐकली नाही, आवाज चढलेला ऐकला नाही, उलट त्यांच्या जबाबात सगळे हसतखेळत काम करत होते असं आहे. हे खरं का? मुकादम खाली मान घालून हो म्हणाला.

“हा दुःखी नातेवाईक आहे, साहेब,” वकील हळहळून म्हणाला. “मेहुण्यासाठी स्वतःवर आळ ओढून घेतोय. आधीचा जबाबच खरा मानावा.”

मागच्या बाकावर बहिणीने डोळे मिटून घेतले. चौकशीचा अध्यक्ष भला गृहस्थ होता, पण कंटाळला होता. त्याने चार इंग्रजी शब्द वाचून दाखवले आणि मुकादमाला शेवटचं विचारलं, या चारांपैकी एक सांगा, नाहीतर जुना जबाब कायम होईल. मी चारही शब्द मराठीत मांडले: धीर दिला, मागे लागलो, डिवचलं, भाग पाडलं. आवाज सपाट ठेवला. तिसऱ्या शब्दाशी किंचितही थांबू नये म्हणून मी बोटात नख रुतवलं होतं.

मुकादमाने माझ्याकडे पाहिलं. “माझ्यावर आता कुणाचा विश्वास नाही. तुम्हीच निवडा. तुम्हाला या शब्दांतला फरक कळतो.”

ते मला उद्देशून होतं. पण खोलीत बोललेलं सगळं बोलायचं असतं. मी अध्यक्षाकडे तोंड करून इंग्रजीत म्हणाले, माझ्यावर आता कुणाचा विश्वास नाही, तुम्हीच निवडा, तुम्हाला फरक कळतो.

अध्यक्षाला ते आपल्यालाच उद्देशून वाटलं. त्याने पेन खाली ठेवलं आणि तो म्हणाला, मला फरक कळेलच असं नाही. शब्द राहू द्या. त्या सकाळी तुमच्या तोंडून जे वाक्य निघालं, तेवढं सांगा.

मुकादमाने आधी मान हलवली. मग म्हणाला की त्यात सांगण्यासारखं काही नाही, ती नुसती मस्करी होती. अध्यक्ष म्हणाला, मस्करी सांगा.

“वारा सुटला होता. कमरेला बांधायचे पट्टे गोदामात होते आणि गोदामवाला आला नव्हता. हा म्हणाला, पट्टा आल्याशिवाय चढत नाही.” मुकादमाने मागे वळून बायकोकडे पाहिलं आणि पुन्हा समोर तोंड केलं. “मी म्हणालो, नको चढूस बाबा. तुझ्या ताईला सांगतो, हा घरी आला की उंच टाचेच्या चपला लपवून ठेव. नुसत्या बघून याला चक्कर येईल.”

मी इंग्रजी केलं. चांगलं झालं असावं, कारण टंकलेखन करणारी कारकून बाई फिस्सकन हसली. तिने लगेच तोंडावर हात नेला, पण तोवर वकिलाच्याही ओठांचा कोपरा हलला होता.

मुकादम त्यांच्याकडे बघत होता. “हो,” तो म्हणाला, “तेव्हाही सगळे असेच हसले. मग तो चढला.”

मी तेही इंग्रजीत म्हटलं. कारकून बाई मान वर करेना. वकिलाने कागद पुढे मागे केले आणि प्रश्न नाही म्हणाला.

अध्यक्षाने जुन्या शब्दावर काट मारली आणि नवा लिहिला. मग तो मोठ्याने वाचला, परवान्याचं आणि रुग्णालयाचं काय होणार तेही वाचलं, आणि मी ते मराठीत सांगितलं: डिवचलं. मुकादमाने फक्त एवढंच विचारलं, उपचार कधी सुरू होतील. या आठवड्यात, अध्यक्ष म्हणाला. मुकादम “बरं” म्हणाला आणि खुर्ची मागे सारून उठला.

त्याची बायको दाराशी उभी होती. तिने रडून घेतलं होतं, आता रडत नव्हती. तो जवळ गेल्यावर ती हळूच म्हणाली, “माझं नाव घेऊन?”

“हो,” तो म्हणाला.