दहा तारखेची ओळ

ज्ञानेश गेला आणि बावड्याचं पॅकहाऊस माझ्या गळ्यात पडलं. डाळिंबं निवडायची, वजन करायचं, खोक्यावर लेबल चिकटवायचं, एवढंच काम. पण त्यासाठीच्या कॉम्प्युटरवर या पठ्ठ्यानं असली व्यवस्था करून ठेवली होती की मी बारामतीत बसून त्याला शिव्या घालायचो. अख्खं मशीन त्यानं एका फाइलीत लिहिलं होतं. कुठले प्रोग्राम, कुठला प्रिंटर, कोण कोण वापरणार, सगळं. फाइलीत लिहायचं, हुकूम द्यायचा, की मशीन तसंच्या तसं नव्यानं उभं राहतं. लिहिलंय ते आहे, नाही लिहिलं ते नाही. आधीची रूपं मात्र आपोआप पुसली जात नाहीत. मशीन सुरू करताना तारखांसकट त्यांची यादी दिसते. बाण दाबत खाली गेलं की हवं ते जुनं रूप परत चालू होतं.

दोन फेब्रुवारीला इंदापूर रस्त्यावर त्याची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर आदळली. आठवडा-दीड आठवड्यातच मी फाइलीतून त्याचं नाव काढलं. माणूस गेला की खातं बंद करायचं, हा नियमच आहे. खरं सांगायचं तर पडद्यावर 'ज्ञानेश' दिसलं की मला काम सुचत नव्हतं.

मार्चमध्ये गेलो तर पडद्यावर ज्ञानेश.

फाइल उघडली. तिच्यात नाव नव्हतं. पुन्हा हुकूम दिला, नाव गेलं. आठवड्यानं परत हजर. असं चार वेळा झालं. लेबलं लावणारी छकुली म्हणाली, "ज्ञानूदादा येतूय सर. आमाला ठाव हाय." मी हसलो, पण खुर्ची भिंतीला टेकवून घेतली.

मग जुन्या छापाची लेबलं लागलेली अख्खी गाडी व्यापाऱ्यानं परत पाठवली. नवा छाप तर मी कधीच घालून दिला होता. मालक विजयसिंह फोनवर कडाडले, "भूत असंल तर भूत काढ. उद्या मला नवं लेबल पायजे."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं निघून मी पॅकहाऊस उघडायच्या आधीच पोहोचलो. मागच्या दारानं आत शिरून खोक्यांच्या थप्पीआड थांबलो. शटर उघडलं सिंधुमावशींनी. ज्ञानेशची आई, वजनकाट्यावर त्याच बसतात. त्यांनी उदबत्ती लावली, मशीन चालू केलं. यादी आली. मावशींचं बोट बाणावर गेलं. एक, दोन, तीन, पार सहा वेळा. पडद्यावर ज्ञानेश आला.

"आलास व्हय," त्या म्हणाल्या आणि पदरानं पडदा पुसला.

भूत परवडलं असतं.

मी पुढं झालो. त्या दचकल्या नाहीत. "त्यानंच दावलं हुतं, 'आई, मशीन रुसलं तर खालची वळ घे.' दर खेपेला तू एक वळ वाडवतूस, मी बी एक वळ खाली जाते."

"मावशी, खालच्या ओळीतून जुनं लेबल छापलं जातंय. जुनी रूपं आज पुसावीच लागतील." दाखवायला म्हणून मी यादी परत समोर आणली. तीच माझी चूक झाली. मावशींना अक्षरांत लेकाचं नाव तेवढं वाचता येतं, पण आकडे त्यांना काट्यानं शिकवलेत.

"हितपातूर तो हाय. ह्या वरच्या वळीपासनं न्हाय. दहा, दोन." त्यांचं बोट थांबलं. "अकराला दहावा हुता त्याचा."

मी नजर यादीवरून काढून घेतली.

"नीरेच्या काठाला दुपारपातूर उभं हुतो आपण. कावळा शिवंना. ज्यानं त्यानं कायतरी कबूल केलं. तू बी हात जोडलंस. म्हणलास, ज्ञाना, तुझं सगळं हाय तसं ठेवतो. आन् आदल्या दिवशी त्याला काढून आला हुतास?"

"हो, मावशी."

शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला होता त्या दिवशी. लाजेनं माझी मान वर होईना.

"परत लिहितो त्याला," मी म्हणालो. "नव्या मशीनवरच येईल. तुम्हाला खाली जावं लागणार नाही."

"नगं. लिवल्यानं येतूय व्हय तो?" त्या खुर्चीत बसल्या. "काढायचा तर मी काढीन. बटन दाव."

जुनी रूपं पुसायचा हुकूम मी टाइप करून दिला. मावशी पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. "ज्ञानू, हितं तुझं काय सुदीक राह्यलं न्हाय. माझी काळजी करू नगंस. जा बाळा." आणि त्यांनी एंटर दाबलं. ओळी सरसर वर गेल्या, थांबल्या. मशीन पुन्हा लावलं तेव्हा यादीत एकच ओळ होती. मला रडू आवरेना. मावशींच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

पडद्यावर उरलेल्या नावांकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"यात तुझं नाव हाय का रं?"

"आहे."

"मग तुला काढायच्या आदी कुणाला इचारायचं, ते बी लिवून ठेव."