पबच्या मागच्या दारातला डावा पाय

आमच्या विराबीन गावात ती पैज लागली चड्डीवरून. हसू नका मित्रांनो. म्हणजे हसा, पण जरा थांबून. आधी माझी ओळख करून घ्या.

मी एक जुना लाकडी पाय आहे. डावा. मला गुडघा नाही, मांडी नाही, वर माणूसही नाही. घोट्यापर्यंत आलो आणि संपलो. कुणाचा तुटून पडलेला वगैरे नाही हं, बूट शिवणाऱ्याचा साचा आहे मी. माझ्यावर चामडं ताणायचं, खिळे ठोकायचे, टाके घालायचे, वाळलं की मला आतून उपसून काढायचं. मागे राहतो तो बूट. सगळं श्रेय त्यालाच मिळतं, पण मी काही मनाला लावून घेत नाही.

मला आणि माझ्या जुळ्या भावाला, म्हणजे उजव्याला, लेन ट्रेगिअरनं घडवलं. ओढ्याकाठी वादळात एक म्हातारं गमचं, म्हणजे निलगिरीच्या जातीचं, झाड आडवं झालं होतं, त्याच्या बुंध्यातून. माप घेतलं गावातल्या सगळ्यात मोठ्या पायांचं. हे पाय होते पबवाल्या जॅक हॉस्किंगचे. त्याच्या करंगळीपाशी एक टेंगूळ होतं. लेननं तेसुद्धा माझ्यावर जसंच्या तसं उठवलं. जॅकची बायको पर्ल, तिचाही पाय तेवढाच लांब. लग्नाच्या दिवशी दोघांनी चुकून एकमेकांचे बूट चढवले आणि नाचून दमेपर्यंत कुणाला पत्ता लागला नाही. गावात अजून हसतात त्यावर. पर्ल सगळ्यांत जास्त.

काय दिवस होते ते मित्रांनो! लेननंतर त्याची मुलगी मर्ल कामाला बसली. तिचा हात बापापेक्षा हलका. कांगारूचं कातडं पातळ असतं, पण चिवट. ते माझ्यावर ओढताना मर्ल गाणं म्हणायची आणि खिडकीपाशी तिचं काळं शिलाई मशीन खडखड करून ताल धरायचं. मेंढ्या कातरणारे, गव्हाचे शेतकरी, शाळेच्या बाई, सगळे आमच्याकडे. माझ्यावर शिवलेल्या जोडाला गावच्या जत्रेत निळी फीतही मिळाली होती. मला नाही, जोडाला. सांगितलं ना, मी मनाला लावून घेत नाही.

मग शहरात मोठमोठी दुकानं निघाली. दोन पावसांत तळ सुटला की फेका आणि नवे आणा. मर्लच्या दारातली पायरी झिजायची थांबली. शेवटी शहरातला एक सजावटवाला आला आणि आमचे सगळे भाऊबंद उचलून घेऊन गेला. त्यांचे म्हणे दिवे केले. डोक्यातून वायर काढली त्यांच्या! आम्ही दोघं तेवढे वाचलो, कारण एवढ्या मोठ्या पायाचा दिवा टेबलावर मावेना. उजवा मर्लकडे राहिला, मॅकाडेमियाच्या बियांची टणक कवचं फोडायला. मला जॅकचा मुलगा क्लेम मागून घेऊन गेला. जॅक गेल्यापासून पब तोच चालवायचा.

आणि एवढा नामांकित पाय मी, लागलो कामाला पबचं मागचं दार उघडं धरून ठेवायच्या. वाईट वाटलं. पण दारातल्या पायाला जग दिसतं मित्रांनो. कोण कुणाला टाळून मागून सटकतो, कुणाचा मोजा अंगठ्यापाशी फाटलाय, सगळं. ते दार बाहेर उघडायचं आणि भिंतीला टेकायचं. त्याच्या आड काय आहे ते आतल्या गिऱ्हाइकांना कधी दिसायचं नाही. मला फटीतून दिसायचं. काय दिसायचं? थांबा की. मजा एकदम संपवतात का कुठं?

तर एका दुपारी मर्ल पबमध्ये आली आणि क्लेमला म्हणाली, मशीन विकायला काढतेय, दुकान बंद करते आणि मुलीकडे जाते ॲडलेडला. क्लेम खूश. त्याला त्या मशीनच्या लोखंडी पायांवर फळी ठोकून ग्लास ठेवायचं टेबल करायचं होतं. एवढ्यावर गप्प बसला असता तर तो क्लेम कसला.

तो म्हणाला, "बरं करतेस. या गावात आता बनतं काय? फक्त अफवा."

सगळे हसले. मर्ल नाही हसली. निघाली होती, ती परत वळली. म्हणाली, अजूनही डोक्यापासून पायापर्यंत गावात बनलेले कपडे घालून एक माणूस उभा करून दाखवीन. क्लेमनं तिथंच पैज मारली. माल कुठलाही चालेल, पण हात गावातले हवेत. टोपीपासून चड्डीपर्यंत. जत्रेच्या दिवशी, सगळ्यांसमोर. मर्ल हरली तर मशीन फुकट त्याचं.

"आणि तू हरलास तर?" कोपऱ्यातून पोस्टातल्या डेसनं विचारलं.

क्लेम ऐटीत म्हणाला, "तर बुटातून पिईन."

आमच्याकडे ही एक खुळी रीत आहे. बुटात काहीतरी फेसाळ ओतायचं आणि घटाघट प्यायचं. का, ते विचारू नका. आमच्यातल्या कुणालाच ते ठाऊक नाही.

माझा मात्र जीव वरखाली. ते मशीन म्हणजे माझं गणगोत. त्याच्या पोटावर कुणी ओले ग्लास ठेवणार? आणि मशीन गेलं की मर्लही गेली. मग मी जन्मभर दारातच.

पण पुढचे दिवस असे झकास गेले म्हणून सांगू! मर्ल घरोघर फिरायला लागली, आणि तिनं काय काय शोधलं याच्या बातम्या पबमध्ये माझ्या कानावर आदळायला लागल्या. डेस, तो अस्वलाएवढा डेस, पोस्टाच्या खिडकीमागे लपून लोकरीचं विणकाम करायचा! तिकिटं मागायला गेलं की सुया टेबलाखाली जायच्या. त्याच्याकडे एक स्वेटर निघाला, मेंढीच्या रंगाचा, आणि मोज्यांचं तर गाठोडंच. माय ट्रिन नावाची शिवणवाली गमचा पाला उकळून त्यात कापड रंगवायची. पाला हिरवा, आणि कापड निघायचं आमच्या मातीसारखं तांबडं-केशरी. तिच्याकडे घागरा तयार होता, क्वांडोंग फळाच्या खडबडीत बियांची बटणं लावलेला. व्हायडा मावशीनं नदीकाठच्या लव्हाळ्याची गोल टोपी विणून दिली. मावशी कुणाची एकटीची नव्हे, तिला अख्खं गाव मावशी म्हणतं. तिच्या लोकांची, म्हणजे या भूमीच्या मूळ रहिवाशांची, ती वीण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली.

सगळे एकाच गावात राहतात आणि कुणाला कुणाचं माहीत नाही. जो तो लाजत होता. दुकानातलं नाही ना, हातानं केलेलं, कोण घेणार? मर्लनं दार वाजवलं की आधी म्हणायचे, काही नाही गं, असंच काहीतरी करते मी. आणि मग कपाट उघडायचे.

क्लेम तरी निवांत. गल्ल्यापाशी बोटांवर मोजून सांगायचा, "टोपी मिळेल, स्वेटर मिळेल. अडणार ते चड्डीवर. या गावात चड्डी कोण शिवतं?"

आणि मी खाली दारात पडून गुदमरतोय मित्रांनो. कारण मला ठाऊक होतं!

शेवटी राहिले बूट आणि चड्डी. बुटांसाठी मर्लला साचा हवा, आणि गावात साचे उरलेले दोनच. एक तिच्याकडे, दुसरा मी. ती एका सकाळी गुपचूप मागच्या अंगणातून आली, वाकली आणि मला उचललं. काय सांगू! किती दिवसांनी कुणीतरी मला लाथ न मारता हात लावला.

पण मी सुटल्यावर दार कसलं राहतंय? उत्तरेकडचा वारा आला आणि ते धाडकन मिटलं. मर्ल अंगणातच. आणि इतके दिवस दाराआड लपलेलं सगळं तिच्यासमोर उघडं. वाळत घालायची दोरी. दोरीवर ओळीनं चड्ड्या. मोठ्या, ऐसपैस, शाळेच्या नाटकाच्या जुन्या पडद्यातून शिवलेल्या. सगळ्यांवर गुलाबी काकाकुवे छापलेले. आणि प्रत्येकीच्या नेफ्यावर लाल दोऱ्यानं, सुबक अक्षरात भरलेलं नाव: क्लेम.

मर्ल मला पोटाशी धरून इतकी हसली की मला वाटलं आता पडतो.

वरच्या खिडकीतून पर्लनं डोकं काढलं. म्हातारीनं विचारलं काय झालं, आणि मर्लनं पैजेचं सगळं सांगितलं. पर्लचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"विकतच्या इलॅस्टिकनं त्याला पुरळ येतं म्हणून लहानपणापासून मी शिवतेय," ती म्हणाली. "आणि हा सांगतो गावात काही बनत नाही?"

मग तिनंच ठरवलं. कपडे ती घालणार. चड्डी स्वतःची स्वतः शिवणार, उरलेल्या काकाकुव्यांतून. बूट तेवढे मर्लनं करायचे.

"जॅकच्या मापाचे कर," पर्ल म्हणाली. "टेंगळाची जागा ठेव. मी त्यात थोडी लोकर भरीन."

मर्लनं मान हलवली. मीही हलवली असती. पण मला मान कुठाय?

त्यानंतरचे दिवस म्हणजे नुसता आनंद. उजवा भाऊ भेटला. डोक्याला कवचांचे डाग, पण तब्येत ठणठणीत. मर्लनं मशीनला तेल घातलं. ते आधी कुरकुरलं, मग खोकलं, आणि मग सुरू झालं खडखड, तोच जुना ताल. पहिला टाका मात्र चुकला. मर्ल हातातलं कातडं बघत बसली, म्हणाली, गेला हात माझा. उठून दारापर्यंत गेली. मग परत आली, टाका उसवला आणि पुन्हा घातला. माझ्यात पहिला खिळा ठोकला तेव्हा मला दुखलं नाही, गुदगुल्या झाल्या. तिसऱ्या खिळ्याला ती गाणं गुणगुणायला लागली.

तिकडे पबचं दार दिवसभर आपटत होतं. क्लेमनं शेवटी तिथं एक भोपळा लावला.

जत्रेचा दिवस उजाडला. केकची टेबलं एका बाजूला, मेंढ्यांचा कुंपणवाडा दुसऱ्या बाजूला, मधे सगळं गाव. आम्हा दोघा भावांना मर्लनं पुरावा म्हणून टेबलावर मांडलं होतं. आणि पोस्टाच्या कोपऱ्यावरून पर्ल निघाली. डोक्यावर लव्हाळ्याची टोपी, अंगात डेसचा स्वेटर, तांबडा घागरा वाऱ्यावर, पायांत नवेकोरे करकरणारे बूट. काठी घरीच ठेवलेली. लोक बाजूला होत गेले. डेस स्वतःचाच स्वेटर बघून रुमाल शोधत होता.

क्लेमनं आईला बघितलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. पण पैज ती पैज. तो एकेक वस्तू तपासायला लागला. टोपीला हात लावून व्हायडा मावशीला विचारलं, ही नक्की इथलीच ना?

मावशी म्हणाली, "तुझ्या पबच्या आधीपासून इथलीच आहे. तुझ्या गावाच्याही आधीपासून. आणखी मागं जाऊ का?"

नको म्हणाला. स्वेटर पास, मोजे पास, घागरा पास. बूट बघायला खाली वाकला आणि टेंगळाच्या जागेवरून अंगठा फिरवला. बापाचे पाय ओळखू आले असणार. मग उभा राहून, हसून, सगळ्यांकडे बघत म्हणाला, "आणि ते शेवटचं?"

सगळ्यांच्या माना पर्लकडे वळल्या. मेंढ्यांच्यासुद्धा.

पर्लनं टोपलीत हात घातला आणि एक गुलाबी काकाकुव्यांचं निशाण दोन्ही हातांनी उंच धरलं. नाव सगळ्यांकडे.

"मी घातलीय ती याच कापडातली," ती म्हणाली. "माझी दाखवू, की तुझी चालेल?"

क्लेम काकाकुव्याच्याच रंगाचा झाला. चालेल म्हणाला, पटकन म्हणाला. केकच्या टेबलाशी बायका एकमेकींना धरून खाली बसल्या.

पण शेवटी पबवाला तो. आमच्या भाषेत गाडीच्या डिकीलाही बूटच म्हणतात. त्यानं बोट वर केलं. "मी बूट म्हणालो होतो. पायातला, असं कुठं म्हणालो?"

"मग डिकीतून पी," मर्ल म्हणाली. "कालच त्यातून मेंढ्यांचं खत आणलंस ना?"

क्लेमनं गाडीकडे पाहिलं. आईच्या पायांकडे पाहिलं. आणि खुर्ची ओढून पर्लला बसवलं, गुडघ्यावर बसला आणि तिच्या डाव्या पायातला बूट हळूच उपसला. मोजा काढल्यासारखी आतली लोकर काढून तिच्या हातात दिली. डेसनं बुटात आल्याचा फेसाळ सोडा काठोकाठ ओतला.

तो धीर गोळा करतोय तोवर तुम्हाला एवढंच सांगून घेतो मित्रांनो. तुमच्याही गावात कुणीतरी खिडकीमागे सुया लपवून बसलंय. दार वाजवा. कुणी केलं, कसं केलं, विचारा. जुनी वस्तू टाकायच्या आधी एकदा उलटी करून बघा, तिच्यात अजून काम शिल्लक असतं. आणि दारात एखादा लाकडी पाय दिसला तर लाथ मारू नका. त्याला फार गोष्टी माहीत असतात.

हं, उचलला बघा. बूट तोंडाला लावला त्यानं. सगळं गाव टाळ्यांवर आकडे मोजतंय. घटाघट, घटाघट, डोळे मिटलेले, फेस मिशीवर, आणि मी टेबलावरून एकटक त्या बुटाच्या तळाकडे बघतोय, मर्लच्या टाक्यांकडे, श्वास रोखून. एक थेंब गळला नाही. एकसुद्धा नाही.

क्लेमनं रिकामा बूट सगळ्यांसमोर उलटा करून दाखवला, बाहीनं मिशी पुसली, आणि आपला जोडा काढून फाटक्या विकतच्या मोज्यातला डावा पाय मर्लसमोर टेबलावर, अगदी माझ्या शेजारी ठेवला.

"घे माप," तो म्हणाला.