अस्तरातल्या नोटा

ज्या वर्षी घरातली धाकटी लेक लग्न होऊन समुद्रापलीकडच्या थंड देशात गेली, त्याच वर्षी माझा जन्म झाला. मित्रांनो, मी एक जुना लोकरीचा कोट आहे. कधीतरी लेकीकडे जायचं, म्हणून आईने मला स्वतःच्या शिवणाच्या दुकानात शिवलं. गुडघ्यापर्यंत लांबी आणि आत रेशमी अस्तर. "काय बसलाय अंगावर!" असं कुणी म्हटलं की मी फुलून जाई.

मग आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. ती दवाखान्यात असताना थोरल्या मुलाने तिच्या शिवणाच्या सगळ्या मशिनी विकून टाकल्या. "भंगाराच्या भावात गेल्या गं. तू आता आराम कर," तो म्हणाला. त्या दिवसापासून आईचे हात मांडीवर नुसते पडून असत.

वर्षभराने मायलेकांना व्हिसा मिळाला. निघायच्या आदल्या दिवशी थोरल्याने मला खुंटीवरून काढलं, ब्लेडने माझं अस्तर उसवलं, आत नोटांच्या गड्ड्या कोंबल्या आणि वरून टाके घातले. त्याला तिकडे गुपचूप धंदा मांडायचा होता.

"अहो, पकडलं तर?" बायकोने विचारलं.

"म्हातारीला कोण तपासतंय? आणि तपासलंच, तर कोट आईचा. माझा काय संबंध?"

मी मुका. पण तेव्हाच ठरवलं, याला सोडायचं नाही.

विमानात मी आईच्या कुशीत मुद्दाम टोचत राहिलो. तिने अस्तर चाचपलं, दोन-चार टाके उसवून आत पाहिलं. भंगाराचा खरा भाव तिला कळला. टाके तसेच उसवलेले ठेवून तिने मला अंगाभोवती ओढून घेतलं.

उतरल्यावर तपासणीच्या साहेबाने विचारलं, "जवळ रोख रक्कम आहे?"

"छे हो! दोघांत मिळून चहापुरते पैसे," थोरला म्हणाला.

आईने मला अंगातून काढलं. "बाळा, तुला हुडहुडी भरलीय. घाल हा."

"नको आई, उकडतंय मला."

"घाल म्हणते ना! आईच्या कोटाची लाज वाटते?"

तिने मला त्याच्या खांद्यावर टाकलं. मी सगळा भार देऊन लोंबलो, आणि एक गड्डी थेट साहेबाच्या बुटावर पडली.

"कोट आईचा आहे!" थोरला किंचाळला.

"कोट माझाच," आई म्हणाली. "नोटा मी नाही घातल्या. कुणाच्याच नसतील, तर साहेब, तुम्हीच ठेवा."

साहेब गड्ड्या उचलू लागला, तसा थोरल्याचा जीव कासावीस झाला. "अहो, माझ्या आहेत त्या! घामाच्या!"

"कुणाच्या घामाच्या रे?" आईने विचारलं.

साहेब म्हणाला, "पैसे आणायला बंदी नव्हती. सांगितलं असतंत, तर नोंद करून पुढे सोडलं असतं. तुम्ही लपवलंत, वर खोटं बोललात."

नोटा जप्त झाल्या. थोरल्याचा व्हिसा तिथेच रद्द झाला आणि त्याला पुढच्या विमानाने परत धाडलं. आईला पुष्कळ प्रश्न विचारले, मग लेकीकडे जाऊ दिलं. ती तिथेच राहिली. पुढे थोरल्याने जेव्हा जेव्हा अर्ज केला, तेव्हा तेव्हा हे जुनं प्रकरण निघालं आणि नकार आला. लेकीच्या घरी खुंटीवर लटकून मी ते ऐकायचो. दर वेळी मला बरं वाटायचं.

मित्रांनो, प्रवासात जवळ असेल ते विचारताच सांगून मोकळे व्हा. आणि आपलं पाप दुसऱ्याच्या अंगावर घालू नका, आईच्या तर नाहीच नाही.

आई अंथरुणाला खिळली, तेव्हा थोरल्याने पुन्हा अर्ज केला. पुन्हा नकार आला. शेवटी शेवटी ती त्यालाच हाका मारत होती. मला ते आवडलं नाही. लेकीची मुलगी शाळेत जाऊ लागली, त्या हिवाळ्यात आई वारली. थोरला जवळ नव्हता.