भोंग्याची चावी

भागवतला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही, हे आधीच सांगून टाकते.

वालूर रस्त्यावरच्या व्यंकटरावांच्या बियाणे प्लांटमध्ये मी इंजिनिअर होते. सोयाबीनचं बियाणं वाळवताना तिथं एक कार्ड लागतं. ते तापमान मोजून कॉम्प्युटरला कळवतं आणि जोरात फिर की हळू, हा कॉम्प्युटरचा हुकूम दोन बारीक वायरींतून पंख्याला पोचवतं. त्या दोन वायरी एकमेकींना चिकटल्या की कार्डाचा जीव जातो. आवाज नाही, धूर नाही.

भागवत मालकांचा मेहुणा आणि मशिनरीचा मुख्य. सारी खुदाई एक तरफ, जोरू का भाई एक तरफ. त्याचा हात ट्रॅक्टरच्या बॅटरीवर बसलेला. करंट आहे का हे बघायचं, तर दोन वायरी एकमेकींवर घासायच्या आणि ठिणगी उडते का पाहायचं. मी हजारदा सांगितलं, "भागवतदादा, या वायरीतून ठिणगी उडत नाही, कार्ड जळतं." त्यानं ऐकलं नाही. कार्ड मेलं, पंखा थांबला, हवा तापवणारा बर्नर मात्र चालूच राहिला आणि बियाणं भाजून निघालं. भागवतनं सगळ्या हमालांपुढं माझ्याकडं बोट दाखवलं.

"कोट्यातली इंजिनिअर हाय. दुसरं काय व्हणार?"

मालकांनी त्याच दिवशी मला घरी पाठवलं. पुढं सेलू, जिंतूर, कुठंच कुणी दारात उभं करेना. "कार्ड जाळणारी हीच का?" एवढंच विचारायचे. विहारातून आलेली आई म्हणाली, "सोड सत्यशीला, मन मोठं कर." मन मोठंच होतं माझं. म्हणून तर भागवत त्यात एवढे दिवस मावला.

मी गेल्यावर आणखी दोन कार्डं मेली. "तिनंच कायतरी करून ठेवलंय," असं भागवत सांगत राहिला. शेवटी पुण्याच्या कंपनीनं कळवलं, कारण सापडल्याशिवाय पुढचं कार्ड देणार नाही. हंगाम तोंडावर आलेला. मालकांनी झक मारून मला फोन केला.

मी गेले. कार्डं का मरतात ते दाखवते, असं सांगून कंपनीकडून एक कार्ड मागवलं आणि पंख्याकडं जाणाऱ्या वायरीत रेझिस्टर बसवला. आता वायरी चिकटल्या तरी कार्डातून जास्त करंट ओढला जाणार नव्हता. खरं तर काम तिथंच संपलं होतं. पण मी थोडं पदरचं घातलं. जिंतूरच्या भंगारातून ट्रकचा भोंगा आणला आणि असा जोडला की वायरी चिकटताच तो सुरू व्हावा आणि चावी फिरवल्याशिवाय बंद होऊ नये. चावी माझ्या खिशात. पंखा जरा उशिरा सुरू होईल अशीही सोय केली, कारण भागवतला दम निघत नाही. पंख्याच्या पेटीच्या झाकणाचे स्क्रू तर मी कसलेच नाहीत.

हंगामाच्या पहिल्या दिवशी सेलू-सोनपेठचे व्यापारी आले, हमाल जमले, नारळ फुटला. मी बटण दाबलं. पंखा फिरेना.

"बघा! म्या सांगितलं व्हतं ना," भागवत हसला. "करंटच येत न्हाई." झाकण उघडून त्यानं दोन्ही वायरी उपसल्या आणि एकमेकींवर घासल्या.

भोंगा असा बोंबलला की छपरावरची कबुतरं उडाली.

"काय झालं सत्यशीला?" मालक कानांवर हात ठेवून ओरडले.

मी त्यांना कॉम्प्युटरच्या पडद्यावर अजून येत असलेले तापमानाचे आकडे दाखवले आणि तितक्याच जोरानं ओरडून सांगितलं, "कार्ड जितं हाय, मालक. आधीची तीन कशी मेली, ते भागवतदादाच्या हातात बघा."

सगळ्यांनी बघितलं. भागवतनं वायरी टाकून दिल्या. भोंगा थांबला नाही.

"बंद कर की ते!"

मी चावी वर धरली. "आधी सांगा, कार्डं कुणी जाळली?"

त्यानं मालकांकडं, आपल्या दाजींकडं पाहिलं. दाजींनी मान फिरवली. मग त्याचे ओठ हलले.

"म्या जाळली."

"ऐकू येईना, दादा."

"म्या जाळली!"

"मागच्या व्यापाऱ्यांना ऐकू येईना."

भागवतनं छाती भरून घेतली. त्याच्या गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या. "तिन्ही कार्डं म्याच जाळली! हिचा काई कसूर न्हाई!" रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा पिणारी माणसं उठून उभी राहिली.

माझं काळीज थंड झालं. मी चावी फिरवली.

मला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं.