श्रीदेवीच्या नावाच्या चिठ्ठ्या

मित्रांनो, मी सास्तूरच्या एका शाळेतला जुना पत्र्याचा डबा आहे. माझ्यातली बिस्किटे कुणी खाल्ली, ते आता मलाही आठवत नाही. शिपाई शंभुलिंगमामांनी छिन्नीने झाकणाला फट पाडली आणि मी स्नेहसंमेलनातला फिशपाँडचा डबा झालो. मुले एकमेकांवर बिननावाच्या चिठ्ठ्या लिहून माझ्यात टाकतात. बाई त्या मोठ्याने वाचतात, सारे हसतात. तो एक दिवस माझा. एरवी मी खेळाच्या खोलीत, धुळीत असतो.

गेल्या वर्षी राज्य स्पर्धेत खेळून आलेल्या रुद्रेशला ‘शाळेचा वाघ’ अशी चिठ्ठी आली होती. त्याच वर्षी, तशीच स्पर्धा खेळून आलेल्या श्रीदेवीला ‘रेडा’. दोन्ही कागद एकाच वहीचे होते.

यंदा संमेलनाच्या सकाळी नववीतली श्रीदेवी, खो-खो संघाची कर्णधार, मैत्रिणीसोबत खोलीत आली.

“औंदा पण तसलंच निघालं, तर संघाचा टी-शर्ट परत देणार बघ.”

“मनाला कशाला लावून घ्यायलीस, श्रीदेवी?”

“तुला काय गं, शिवगंगा? तुला ‘कोकिळा’ म्हणतेत.”

त्या वेळी माझ्या पोटात तिच्या नावाच्या तीन चिठ्ठ्या होत्या. मला त्या लपवता आल्या नाहीत.

दुपारी मांडवात राजेश्वरीबाईंनी वाचले, “रेड्याला वेणी कुणी घातली?” मांडव हसला. “हिला नवरा मिळंल, पण पळून पकडावा लागंल!” श्रीदेवीही हसली. तिची बोटे मात्र गुडघ्याच्या पट्टीत रुतली होती.

तिसरी चिठ्ठी पेन्सिलीची होती. “ताई, मी अयोध्या, पाचवी ब. मला पण लई जोरात पळता येतं. मला खो-खोत घ्या. घरी सांगू नका.”

ती मला पत्रपेटी समजली होती! आयाबायांसकट सारा मांडव खदखदला. पहिल्या रांगेत सतरंजीवर बसलेल्या अयोध्येने तोंड गुडघ्यांत लपवले.

श्रीदेवीचे हसू थांबले. ती उठली, रांगा ओलांडून अयोध्येच्या मागे आली, आणि मैदानावर बसलेल्या खेळाडूला देतात तशी तिच्या पाठीवर थाप देऊन ओरडली, “खो!”

ती चिमुरडी उठली आणि मांडवाबाहेर अशी सुटली, की हसायला कुणाला सवडच उरली नाही.

मी पुन्हा खोलीत आहे. इथे परत आलेल्या संघाच्या कपड्यांत श्रीदेवीचा टी-शर्ट नाही. मित्रांनो, पुढच्या वर्षी माझ्यात चिठ्ठी टाकाल, तेव्हा खाली आपले नाव लिहा. अयोध्येने लिहिले होते.